तिसरे अंडे

माल्टा बेटावरच्या माणसांचा परमेश्वरावर पूर्ण विश्वास असतो, मात्र त्याच्याकडे थेट अर्ज करण्यावर नसतो. मध्ये कोणी ओळखीचे लागते. स्वर्गात एखादा संत लागतो, सरकारी कचेरीत मंत्र्याचा मेहुणा लागतो, आणि इस्पितळात निदान आपल्या गावची एक परिचारिका तरी लागतेच. सुन्ता कामिल्लेरी नवी नवरी म्हणून जहाजातून सिडनीला आली तेव्हा तिने बेट मागे सोडले, पण हे शहाणपण ट्रंकेत घालून बरोबर आणले. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी मुलाला फोन करताना आपण काही भलतेच मागतो आहोत, असे तिच्या मनातही आले नाही.

"विस्टिन, उद्या क्लबात ये. चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर."

"का गं, मा? बरं नाही वाटत का?"

"मला काय धाड भरलीय! लोरिताचे पैसे अडकलेत तुझ्या कोंबडीत. तेवढे काढून दे."

"अडकलेत म्हणजे? यंत्र बिघडलं असेल तर क्लबच्या माणसाला सांग ना."

"बिघडलं नाही रे. देत नाहीये. तू केलंयस ना ते? मग तूच सांग त्याला. तुझं ऐकेल."

विस्टिन म्हणाला, "किती गेलेत? मी देतो तिला."

"तिला तुझे नकोत. तिला तिचे हवेत," सुन्ता म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

विस्टिन ज्या कंपनीत होता ती पोकी बनवत असे. क्लबात, दारूच्या गुत्त्यात, जिथे चार माणसे बसतात तिथे भिंतीला लावून ठेवलेली, पैसे घालून बटण दाबायची ती यंत्रे. कंपनीच्या कचेरीत 'जुगार' हा शब्द कोणी उच्चारत नसे. तिथे त्याला करमणूक म्हणत, आणि विस्टिन त्या करमणुकीचे गणित करत असे. संभाव्यतेचे शास्त्र जन्मले ते एका जुगाऱ्याने एका विद्वानाला सल्ला विचारला म्हणून, असे तो विद्यार्थी असताना शिकला होता. त्या विद्वानाने जुगाऱ्याची बाजू घेतली होती. त्यानंतरच्या साडेतीनशे वर्षांत शास्त्राची बरीच प्रगती झाली असून विद्वान आता पगार जुगारखान्याकडून घेतो. विस्टिनने डॉक्टरेटचा प्रबंध अर्धा टाकून ही नोकरी धरली, तेव्हा त्याच्या मार्गदर्शकांनी त्याला हस्तांदोलन करून निरोप दिला आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीकडून संशोधनासाठी अनुदान घेतले.

'सोनेरी कोंबडी' ही त्याची सर्वांत यशस्वी निर्मिती. चाकांवर कोंबड्या, टोपल्या, कोल्हे आणि सूर्य. तीन सोन्याची अंडी एका रेघेत आली की फुकट खेळ मिळत. कल्पना कुठून सुचली, हे तो बैठकींत हसत हसत सांगे. त्याच्या बापाची, साल्वूची, शहराच्या पश्चिमेला अंड्यांची शेड होती, तशा तेव्हा तिकडच्या निम्म्या माल्टी माणसांच्या होत्या. शेडला खिडकी नव्हती. दिवे जळत राहत, कोंबडीला रात्र झाल्याचे कळत नसे, आणि जिला रात्र कळत नाही ती जास्त अंडी घालते. बैठकीतले लोक यावर मनापासून हसत. यंत्रातला कॉक-कॉक आवाजसुद्धा त्याने आईच्या परसात, तिच्या उरलेल्या चार कोंबड्यांपुढे बसून टिपला होता.

मग ते यंत्र आईच्याच भागातल्या बोलिंग क्लबात बसवले गेले, आणि विस्टिनने तिला ते अभिमानाने सांगितले. एवढी एक चूक त्याने केली. सुन्ता दुसऱ्याच दिवशी पाहायला गेली, आवाज ऐकून म्हणाली, "अगं, ही तर आपली तांबडी!" आणि पुढच्या आठवड्यात मैत्रिणींना घेऊन गेली. त्याआधी त्या बायका क्लबात मंगळवारचे स्वस्त जेवण जेवत, कोणाच्या बारशा-मयताचा चहा असला तर घेत आणि घरी जात. पोकीपुढे बसणाऱ्यांना त्या नावे ठेवत. पण सुन्ता म्हणाली, "माझ्या मुलानं केलंय. त्यात खोट नसणार." या राज्यात पोकीची जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे. आईला बंदी नाही. कुठल्याही कंपनीला विकत घेता आले नसते असे ते वाक्य होते, आणि ते फुकट मिळाले.

मंगळवारी विस्टिन क्लबात शिरला तेव्हा बाहेर लख्ख ऊन होते आणि आत नेहमीचा, कुठल्याच प्रहराचा नसलेला उजेड. कोंबडीच्या रांगेत चौघीपाचजणी बसल्या होत्या. सर्वांत आधी त्याला पाहिले फिलोमेनाने. तिची जीभ चर्चच्या साऱ्या वस्तीत, पॅरिशमध्ये, प्रसिद्ध होती.

"आला गं, आला! सुन्ताचा कोंबडीवाला डॉक्टर! काय रे, टाय लावून आलास? बिचारी घाबरून अंडं द्यायची थांबेल ना!"

"ती देत होती कधी?" दुसरी कोणी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

लोरिता हसली नाही. ती कोपऱ्यातल्या यंत्रापुढे पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. माल्टी मुले आईच्या सगळ्या मैत्रिणींना 'झिया' म्हणतात, मावशी म्हणतात तसे. पण विस्टिनला खरोखर मावशीसारखी वाटलेली अशी ही एकच. तिची धाकटी बहीण तिकडे माल्टाशेजारच्या गोझो बेटावर अंथरुणाला खिळली होती. तिने अन्न सोडल्याचा निरोप आला तेव्हा बायकांनी चर्चच्या तळघरात चीज भरलेले, करंजीसारखे पास्टिझी भाजून विकले आणि लोरिताच्या विमानासाठी पैसे उभे केले. थोडे कमी पडत होते. तेवढ्या थोड्यासाठी पुन्हा कोणापुढे हात पसरायचा तिला संकोच वाटला. कोंबडी ओळखीच्या घरची होती. आता लिफाफ्यात अर्धेच उरले होते.

सुन्ताने मुलाला जेवणाच्या टेबलांकडे ओढले. खेळणाऱ्यांना चहा फुकट असे. तिने दोन कप आणले.

"बोललास का तिच्याशी?"

"लोरिताशी?"

"कोंबडीशी रे!"

"मा, ते माझं ऐकत नाही. ते कोणाचंच ऐकत नाही. आत एक आकडे काढणारा बसलाय असं समज. तो सारखा आकडे काढत असतो, कोणी खेळो न खेळो. तू बटण दाबलंस त्या क्षणी जो आकडा निघाला तो तुझा. हरलीस का जिंकलीस, ते तिथंच ठरलं."

"आणि मग ती चाकं कशाला फिरतात?"

"ती चित्रं आहेत. लग्न लागून गेल्यावर काढलेली वरात."

सुन्ताने चहात साखर घातली, ढवळली, आणि बराच वेळ ढवळत राहिली. "पण दोन अंडी येतात. तिसरं रेघेच्या जरा खाली थांबतं. लोरिताचं काल किती वेळा तसं झालं. म्हणजे आलं होतं ना जवळ?"

"जवळ आणि लांब असं काही नसतंच. पहिल्या दोन चाकांवर सोन्याची अंडी भरपूर ठेवलीत, तिसऱ्यावर अगदी मोजकी. त्यामुळे दोन सारखी येतात आणि तिसरं हुकतं. हुकलं की वाटतं, आता येणारच. माणूस उठत नाही."

"तशी कोणी ठेवली?"

"मी," विस्टिन म्हणाला.

सुन्ताने चमचा खाली ठेवला. मग ती म्हणाली, "तुझे वडील खोक्यात चिनी मातीचं अंडं ठेवायचे. नव्या तलंगीला वाटावं, इथं कोणीतरी घातलंय, आपणही घालावं. ते तू पाहिलंस लहानपणी."

"हो."

"पण आपण त्यांना दाणे घालत होतो, विस्टिन."

तो घाईघाईने पुढचे सांगू लागला. यंत्र लुबाडत नाही, सगळे कायद्यात बसते, शंभर डॉलर घातले तर सरासरीने सत्त्याऐंशी परत येतात, हे त्याने सवयीने सांगितले आणि आईच्या चेहऱ्यावर किंचित आशा उमटलेली पाहून त्याला स्वतःची शिसारी आली.

"मग तेराच जातात? तेवढे जाऊ देत की. चहा देतात, गारवा असतो."

"ते सत्त्याऐंशी घेऊन तुम्ही घरी जात नाही ना, मा. ते पुन्हा घालता. त्यातले पुन्हा जातात. उरलेले पुन्हा घालता. एकदम कोणी शंभर मागितले तर तुम्ही चप्पल काढाल. थोडे थोडे घेतले तर आभार मानता. क्लब आणि कंपनी नशिबावर जगत नाहीत. तुमच्या बसण्यावर जगतात."

सुन्ताने कप बाजूला सारला. तिच्या कपाळावर जी आठी उमटली ती त्याला शाळेपासून माहीत होती; ती रागाची नव्हती, हिशेब चुकल्याची होती. "आणि मी सगळ्या पॅरिशला सांगत फिरले," ती म्हणाली. मग उठली. "चल. लोरिताला सांग. मला सांगितलंस तसंच सांग."

लोरिताने त्याला पाहून बटणावरचा हात काढला आणि खुर्ची जरा मागे घेतली, डॉक्टर तपासायला आला की घरची माणसे पलंगापासून सरकतात तशी. "आलास बाळा? बरं झालं. कुठं काय करायचं ते कर. मी बघत नाही हवं तर."

"झिया, मला काही करता येत नाही. कोणालाच येत नाही. तू ऊठ. जे गेले ते परत यायचे नाहीत. उरलेत ते घेऊन ऊठ." आणि त्याने सांगितले. आकडे, चाके, तिसरे अंडे, सगळे सांगितले. तो चांगला शिकवत असे. विद्यापीठात विद्यार्थी त्याच्या तासाला गर्दी करत. लोरिता मान हलवत ऐकत होती, आणि ऐकता ऐकता, हाताला चाळा म्हणून, तिने एकदा बटण दाबले.

यंत्र खळखळून हसल्यासारखे वाजले. पिल्ले अंड्यांतून बाहेर पडून नाचू लागली.

"बघ! बघ!" लोरिता ओरडली. "तू हात लावला नाहीस तरी दिलं तिनं! तू नुसता उभा राहिलास आणि दिलं!"

"झिया, तू एक डॉलर लावलास. तीस सेंट आले. सत्तर गेले."

"पण वाजली ना!"

"वाजणारच. मी वाजवायला लावलीय. हरलं तरी वाजते ती."

"अगं बाई! मग जिंकल्यावर काय करते?" फिलोमेना म्हणाली. "रडते?"

सगळ्या रांगेत हशा पिकला. लोरिताही हसली, डोळे पुसत हसली, आणि विस्टिनचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला. "सुन्ता, तुझा मुलगा संत झालाय गं! एवढा मोठा पगार घेतो आणि स्वतःच्या तोंडानं म्हणतो, मी तुम्हाला फसवतो. कुठला चोर असं सांगतो? चोर असता तर बोलला असता का? आता तर माझी खात्रीच पटली."

सत्याचा उपयोग एवढाच झाला, की सांगणाऱ्याची पत वाढली. ज्ञानाने माणूस मुक्त होतो असे मानणाऱ्यांनी या रांगेत एक सकाळ काढावी. विस्टिन तिथे उभा होता, त्याच्याकडे एकूण एक पुरावा होता, आणि पुरावा जितका भक्कम तितका तो यंत्राच्या बाजूने जात होता. लोरिताने लिफाफ्यातून आणखी एक नोट काढून यंत्राच्या तोंडात सरकवली.

तेव्हा सुन्ता बोलली. तिने पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती, मिस्साला प्रसाद घ्यायला रांगेत उभी राही तशी.

"त्यानं नाही केलं ते."

"काय गं?"

"हे यंत्र. विस्टिननं नाही केलं. मी खोटं बोलले."

फिलोमेनाने आपले यंत्र थांबवले. "काय बोलतेस, सुन्ता? मग हा करतो काय तिथं?"

"कारकून आहे. पगारपत्रकं लिहितो. ते सगळं आकड्यांचं वगैरे, कचेरीत कोणी बोलताना ऐकलं असेल त्यानं."

"आणि डॉक्टर?"

"झालाच नाही. अर्धं सोडलं. जमलं नाही त्याला."

तिने सांगितले त्यात एवढे एकच खरे होते, आणि ते तिने आजवर कोणाला सांगितले नव्हते. विस्टिनने तोंड उघडले. आईने त्याच्याकडे पाहिले नाही. तिच्या जबड्याची एक शीर तेवढी ताठ झाली, आणि त्याने तोंड मिटले.

"लाज वाटायची मला," सुन्ता सावकाश म्हणाली. "तुमची मुलं वकील, दुकानदार. साल्वू गेला तेव्हापासून वाटायचं, काहीतरी सांगावं. म्हणून सांगितलं."

"मग हे कोणी केलंय?" लोरिताने विचारले. तिचा आवाज बारीक झाला होता.

"मला काय ठाऊक? कोणी परक्यानं. ज्याला आपण ओळखत नाही, ज्याच्या आईला ओळखत नाही, अशा कोणी."

लोरिताने बटणावरचा हात तापल्या तव्यावरून उचलावा तसा उचलला. विस्टिनने तिला जे अर्धा तास समजावले होते ते तिला एका शब्दात समजले. तिने सुन्ताकडे पाहिले, यंत्राकडे नाही. "परक्याच्या तोंडात मी माझ्या बहिणीचं तिकीट घातलं होय? एवढी वर्षं मिस्साला माझ्या शेजारी बसतेस, सुन्ता. शेजारी बसून."

"हो."

"माझ्याशी बोलू नकोस आता."

"नाही बोलणार. पैसे काढून घे तेवढे."

लोरिताने पैसे परत घ्यायचे बटण दाबले. यंत्राने एक चिठ्ठी बाहेर टाकली. ती घेऊन, पर्स सावरून, कोणाकडे न पाहता ती निघाली. फिलोमेनाने मधल्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवली. ती खुर्ची सुन्ताची होती. "गाडी आण," सुन्ता मुलाला म्हणाली आणि दाराकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिले नाही. तेवढे बळ तिच्यात उरले नसावे.

विस्टिनने मात्र पाहिले. यंत्र पैसे देत नाही, चिठ्ठी देते. पैसे खिडकीवर मिळतात, आणि ती खिडकी दाराजवळ नव्हती. ती सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि तिच्याकडे जाणारी वाट यंत्रांच्या दोन लांब रांगांमधून जात होती. हे स्थापत्याचे अज्ञान नव्हते. अशा आराखड्यांची चर्चा त्याने ऐकली होती, एकदा कॉफी पीत त्यावर मतही दिले होते. ती चिठ्ठी वाटेतल्या कुठल्याही यंत्रात चालते.

लोरिता इजिप्तच्या फॅरो राजांची चित्रे असलेल्या यंत्रांपुढून गेली. डॉल्फिनपुढून गेली. मग तिची चाल मंदावली. अर्ध्या पैशांत माणूस अर्ध्या समुद्रापर्यंतच जाऊ शकतो, हे तिला त्या वाटेवर कळले असावे. इतका वेळ निदान गेलेले अर्धे ओळखीच्या कोंबडीकडून परत येतील, ही आशा होती. तिने चिठ्ठीकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले, आणि एका तांबड्या बैलाच्या यंत्रापुढची खुर्ची ओढली.

विस्टिन धावतच तिच्यापाशी पोचला. "झिया, नको. हेही तसंच आहे. अगदी तसंच."

"तुला कसं माहीत?"

"मला माहीत आहे. मी..."

"तू पगारपत्रकं लिहितोस ना रे, बाळा?" ती म्हणाली. तिने टोमणा मारला असता तर बरे झाले असते. तिच्या आवाजात कीव होती.

त्याने पाकीट काढले. "तिकीट मी काढून देतो. आत्ता काढतो, इथेच, फोनवर. तू फक्त ऊठ."

"ठेव ते आत. तुझ्या पगारात तुझंच कसंबसं भागत असेल." तिने त्याचे पाकीट असलेला हात हळूच बाजूला केला. "आईला घरी ने. दमलीय ती. तुझ्यापायी किती खोटं बोलावं लागलं बिचारीला, इतकी वर्षं." मग तिने चिठ्ठी यंत्रात सरकवली, ती आत ओढली गेली, आणि लोरिताची पाठ त्याच्याकडे झाली. त्या पाठीला सांगण्यासारखे त्याच्याकडे पुष्कळ होते. त्याला हे सांगण्याचा अधिकार ज्या एका नावाने मिळाला असता, ते नाव त्याच्या आईने दहा मिनिटांपूर्वी भर सभेत पुसून टाकले होते.

सुन्ता बाहेर उन्हात गाडीच्या दाराला धरून उभी होती. बसल्यावर तिने पट्टा लावला, स्कर्ट गुडघ्यांवर नीट केला, आणि मगच विचारले.

"काढले तिनं पैसे?"

"हो."

"खिडकीवर? तू पाहिलंस?"

"पाहिलं, मा. घेऊन घरी गेली."

सुन्ताने डोळे मिटले. तिचे खांदे सकाळपासून प्रथमच खाली आले. "मग झालं," ती म्हणाली. "माझ्याशी नाही बोलणार आता, न बोलू दे. बहिणीचा हात तरी धरेल. कमी पडेल ते मी रविवारी गुपचूप फादरकडे देईन, चर्चनं दिलं म्हणून सांगा म्हणेन."

विस्टिनने गाडी सुरू केली. क्लबच्या फाटकापाशी लाल दिवा होता. तिथे थांबले असताना तिने त्याच्या बाहीवर हात ठेवला.

"आणि हे बघ, कोणी विचारलं तर तूही कारकूनच सांग. दोघांचं सारखं असलेलं बरं."

"सांगेन," तो म्हणाला.